अंतर राखून माया

महाबलीपुरमच्या विशाल शिल्पपटावर, हत्तीच्या पायांशी, एक मांजर तप करताना दिसतं. मागच्या पायांवर उभं, पुढचे पाय डोक्यावर उंच धरलेले, आणि भोवती निर्धास्त उंदीर. सातव्या शतकातल्या पल्लव कारागिरांनी ते कोरलं तेव्हा ती गोष्ट जुनीच होती. उद्योगपर्वात दुर्योधन ती उलूकाच्या तोंडून युधिष्ठिराला ऐकवतो: गंगेकाठी हात वर करून उभा राहिलेला बोका, त्याच्या धर्मनिष्ठेवर विसंबलेले उंदीर, आणि दिवसेंदिवस घटत जाणारी त्यांची संख्या. मनुस्मृतीने ढोंगी धार्मिकाला ‘बैडालव्रतिक’ म्हटलं. मराठीत आपण मांजराला डोळे मिटून दूध प्यायला लावलं, ते आडवं गेलं म्हणून वाटेत थबकलो, शिंकं तुटलं की बोक्याचं साधलं असं म्हणत आलो. पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिलेल्या या प्राण्याबद्दल आपल्याकडे संशय भरपूर आहे, ओळख थोडी.

शहरांत आता चित्र बदललंय. एखाद्या प्राणिमित्र संस्थेने रस्त्यावरून उचललेली मांजर कोणी घरी आणतं. ती दिवाणाखाली शिरते, बाहेर यायचं नाव घेत नाही, रात्री दाराशी बसून ओरडते. घरातले हळहळतात, ‘एकटी पडलीय बिचारी.’ मग तिला ओढून मांडीवर घेतलं जातं, शेजारची मुलं बघायला येतात, कुणीतरी सुचवतं की जोडीला आणखी एक आणा. यातलं प्रेम खरं असतं, त्याबद्दल मला शंका नाही. पण संशयाने जशी मांजर नीट दिसली नाही तशी दयेनेही दिसत नाही. तिच्या जागी आपण आपल्यालाच कल्पून बघतो: अनोळखी घरात मी अशी कोपऱ्यात बसले असते तर मला कुणीतरी जवळ घ्यावंसं वाटलं असतं. मांजरीला बहुधा नेमकं उलट हवं असतं.

आमच्याकडे आलेली ठकी मूळची गिरगावातल्या एका चाळीतली. राखाडी पट्ट्यांची, अंगाने किरकोळ, नसबंदीची खूण म्हणून एका कानाचं टोक छाटलेलं. चाळ पुनर्विकासाला गेली. माणसं भाड्याच्या घरांत पांगली, मांजरं रिकाम्या खोल्यांतून फिरत राहिली. तळमजल्यावरच्या एक आजी त्यांना वर्षानुवर्षं भात आणि बोंबलांची डोकी घालत आल्या होत्या. डोंबिवलीच्या नव्या घरमालकाने मांजरं चालणार नाहीत म्हणून सांगितलं, तेव्हा आजींनीच खटपट करून एका संस्थेला ती उचलायला लावली. तिथून ठकी ठाण्याला, चौथ्या मजल्यावर आली.

आपल्या लेखी ही सुटका. तिच्या बाजूने बघितलं तर एके दिवशी अंगावर जाळं पडलं. मग पिंजरा, टेम्पो, सुई, परक्या मांजरांचा दर्प, पुन्हा पिंजरा, आणि शेवटी असं एक घर जिथे एकही वास ओळखीचा नाही. आपल्याला वाचवलंय हे तिला कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. म्हणून तिच्याकडून कृतज्ञतेची वाट बघणं, मनातल्या मनातसुद्धा, तिच्यावर अन्याय करणारं आहे. शांतिपर्वात भीष्म युधिष्ठिराला पलित नावाच्या उंदराची आणि लोमश नावाच्या बोक्याची गोष्ट सांगतात. बोका पारध्याच्या जाळ्यात सापडलेला, उंदीर मुंगूस आणि घुबडाच्या कचाट्यात. दोघे एकमेकांच्या आधाराने वाचतात. लोमश घाई करत असतो, पण पलित शेवटचा पाश पारधी जवळ आल्यावरच कुरतडतो. नंतर बोका मैत्रीची भाषा बोलत येतो तेव्हा उंदीर सभ्यपणे नकार देतो: संकटाने एकत्र आणलं होतं, संकट संपलं. राजनीतीचा पाठ म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला त्यात दुसरंही काही दिसतं. मदत झाली म्हणजे विश्वास बसला असं होत नाही. विश्वासाची चाल वेगळी असते आणि ती घाबरलेल्याच्या हातात असते.

मांजरीचं घर भिंतींनी बनत नाही, वासांनी बनतं. तिच्या गालांत, हनुवटीत, शेपटीच्या मुळाशी, पंज्यांत गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला, आपल्या पोटरीला ती गाल घासते तेव्हा ‘हे माझ्या माहितीतलं आहे’ अशी नोंद करून ठेवत असते. एकत्र राहणाऱ्या मांजरी एकमेकींना अंग घासून सगळ्यांचा मिळून एक वास तयार करतात, आणि तो वास ज्याच्या अंगाला नाही तो परका. चाळीतल्या जिन्याला, आजींच्या उंबऱ्याला, कोळशाच्या जुन्या पेटीला ठकीने अशा खुणा वर्षानुवर्षं केल्या असणार. आमच्या घरात तिचं काहीच नव्हतं. अशा वेळी रोज सकाळी फरशी फिनाइलने लख्ख पुसणं म्हणजे रात्रभर तिने मांडलेलं मोडून टाकणं. शिवाय फिनॉलच्या जातीच्या द्रव्यांचा निचरा करणारी यकृतातली यंत्रणा मांजरांत फार दुबळी असते. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्यांच्या जिवावर बेतू शकते ती त्यामुळेच. पंज्याला लागलेलं फिनाइल चाटून पोटात जातं. तेव्हा नवी मांजर आली की फरशी साध्या पाण्याने पुसावी, आणि पिंजऱ्यातून तिच्याबरोबर आलेलं कळकट फडकं धुवायला टाकू नये. घरभर तेवढं एकच तिच्या ओळखीचं असतं.

लपण्याबद्दलही असंच. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या क्लौदिया फिंके आणि सहकाऱ्यांनी 2014 साली एका आश्रयगृहात नव्याने आलेल्या 19 मांजरांवर साधा प्रयोग केला. काहींना लपायला खोकं दिलं, काहींना नाही. खोकं मिळालेली मांजरं लवकर सावरली, त्यांच्यावरचा ताण पहिल्या काही दिवसांतच उतरला. म्हणजे जिला आपण ‘कोपऱ्यात तोंड घालून बसलीय’ म्हणतो ती खचलेली असेलच असं नाही. ती सुरक्षित जागेवरून नव्या जगाचा अंदाज घेत असते. खोकं काढून घेतलं की ती मोकळी होईल हा आपला भ्रम. ठकीला एक खोली दिली होती, तिथे भाजीवाल्याकडून आणलेलं खोकं आडवं ठेवलं, एका कोपऱ्यात लिटरची परात, दुसऱ्या टोकाला अन्न, पाणी अन्नापासून जरा लांब. सगळे झोपले की ती जेवायची. सकाळी वाटीच्या कडेला माशाचा काटा आणि लिटरमध्ये ओल दिसली की मला पुरे.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. जी मांजर जेवतच नाही तिच्याबाबतीत संयम हा गुण नव्हे. दोन दिवस अन्न पोटात गेलं नाही, तर मांजरीच्या, विशेषतः अंगाने भरलेल्या मांजरीच्या यकृतात चरबी साचायला लागते आणि ते दुखणं जीव घेऊ शकतं. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतोय आणि थेंबही पडत नाही, तर त्याच दिवशी, त्याच तासाला डॉक्टर गाठावा. नसबंदी न झालेली मांजर माजावर आली की रात्ररात्र आर्त ओरडते, आणि तोही आवाज ऐकणाऱ्याला एकटेपणाचाच वाटतो. ‘मन लागत नाहीये तिचं’ हे निदान सगळ्यांत शेवटी करायचं.

मग मांजर कधी एकटी पडतच नाही का? पडते, आणि ती मुळातच एकलकोंडी असं म्हणून हात झटकणं सोपं असलं तरी खरं नाही. आपलं घरगुती मांजर आफ्रिकी रानमांजराच्या वंशातलं. ते रानमांजर एकट्याने शिकार करतं, कारण उंदीर हा एका जिवाचाच घास असतो, वाटून खाण्याजोगा नसतो. पण जिथे अन्न ढिगाने मिळतं तिथे, गोठ्यांजवळ, बंदरांवर, मासळी बाजारात, चाळींच्या मोरीपाशी, मांजरी कुटुंब करून राहतात. आया, मावश्या, लेकी एकत्र पिल्लं वाढवतात, एकमेकींच्या पिल्लांना पाजतात. ठकी आल्यावर काही दिवसांनी आजींचा फोन आला. मी म्हटलं, दिवसभर तोंड दाखवत नाही. त्या म्हणाल्या, “अगं, तिच्या मागे लागू नकोस. चाळीतसुद्धा ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची. आणि सुली मांजरीची पोरं अंगावर घेऊन झोपायची.” या दोन वाक्यांनी मला ठकी अर्धीअधिक समजली. मागे राहणं हा तिचा स्वभाव होता, ते दुःख नव्हतं. पण अंगावर घेऊन झोपायला कुणी नसणं ही मात्र खरीच उणीव होती. दोन्ही तिच्याच, आणि दोन्हींवर इलाज वेगळा.

फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी 1980 च्या दशकात दाखवून दिलं की पिल्लू दोन ते सात आठवड्यांचं असताना त्याला माणसाचा हात किती लागतो यावर त्याचं पुढचं माणसांशी नातं बरंचसं ठरतं. त्या दिवसांत ज्याला प्रेमाने हाताळलं गेलं ते माणसाकडे धावतं. ज्याला नाही त्याला माणूस हा नंतर, सावकाश, एकेका व्यक्तीपुरता शिकावा लागतो. रस्त्यावरून आलेल्या प्रौढ मांजरीचे ते आठवडे कधीच सरलेले असतात आणि ते परत आणता येत नाहीत. काही मांजरी आयुष्यभर मांडीवर येत नाहीत. तेवढ्यावरून तिचं प्रेम कमी पडलं किंवा आपलं वाया गेलं असं मानू नये. ती तीन हातांवर बसून तुमच्या देखत पंजा चाटते, पाठ तुमच्याकडे करून झोपते, हीच तिच्या स्वभावाची जवळीक असू शकते. पाठ दाखवून झोपायला मोठा भरवसा लागतो.

सायप्रसमध्ये शिलूरोकांबोस इथे ज्याँ-द्नी विन्य आणि सहकाऱ्यांना सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं, ते 2004 साली प्रसिद्ध झालं. माणसाचा सांगाडा, आणि त्याच्यापासून अवघ्या 40 सेंटिमीटरवर वेगळ्या छोट्या खड्ड्यात, सुमारे आठ महिन्यांच्या मांजराचा पूर्ण सांगाडा. त्या बेटावर मूळची मांजरं नव्हती. म्हणजे कुणीतरी ती नावेत घालून समुद्रापलीकडे नेली होती. माणसाशेजारी पुरलेलं आपल्याला ठाऊक असलेलं हे सर्वांत जुनं मांजर अशा रीतीने परमुलखात आणलेल्या मांजरांच्या कुळातलं होतं. रानातून, किनाऱ्यावरून, नावेत, आणि मग अनोळखी बेटावर. किनारा सोडताना ती मांजरं कशी ओरडली असतील हा विचार मला टाळता येत नाही.

आपल्या परंपरेने मांजरीला फक्त ढोंगी ठरवलं असंही नाही. रामानुजाचार्यांनंतर श्रीवैष्णवांत जे दोन पंथ झाले त्यांचा वाद माकडाच्या आणि मांजराच्या पिल्लावरूनच सांगितला जातो. वडकलै म्हणतात, माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून राहतं, तसं भक्ताने स्वतः धरायला हवं. तेंगलै म्हणतात, मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला मानेला धरून नेते, कृपा तशी असते. पण घरी आणलेल्या प्रौढ मांजरीला यातलं एकही लागू पडत नाही. तिने आपल्याला धरावं हा आग्रह चुकीचा, आणि तिला मानगुटीला धरून उचलणं तर त्याहून वाईट. पिल्लू आईच्या तोंडात सैल पडतं ती उपजत प्रतिक्रिया असते. प्रौढ मांजर तशीच सैल पडली तर ती बहुधा भीतीने गोठलेली असते.

मला इथे कासवी आठवते. संस्कृत सुभाषितकारांनी जोपासनेचे तीन प्रकार सांगितले आहेत: मासोळी पाहून वाढवते, कासवी चिंतनाने, पक्षीण स्पर्शाने. आमच्या संतांनी नजर कासवीला दिली. नदीपल्याड असलेल्या पिल्लांना ती दुरून नुसत्या दृष्टीने पोसते, अशी ती कल्पना. प्राणिशास्त्रात ती टिकत नाही. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालून मादी समुद्रात परत जाते ती मागे वळून बघतही नाही. तरीही मायेचा हा एक प्रकार संतांना सुचला याचं मला फार अप्रूप वाटतं. स्पर्शाची घाई सगळ्यांनाच असते. अंतर राखून, दुसऱ्याच्या कलाने, नुसतं असण्याने पोसणं ही कठीण गोष्ट. नव्या मांजरीला पहिले आठवडे नेमकं हेच लागतं.

नजर मात्र रोखलेली नको. मांजरांच्या जगात टक लावून बघणं ही धमकी असते. ससेक्स विद्यापीठातल्या टॅझ्मिन हम्फ्री, कॅरन मॅकोम्ब आणि सहकाऱ्यांनी 2020 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं की माणसाने मांजरीकडे बघत डोळे हळूहळू बारीक करून मिटले तर मांजरीही बऱ्याचदा तसंच करतात, आणि अनोळखी माणसाने असं केल्यावर त्याच्या पुढे केलेल्या हाताकडे अधिक येतात. डोळे मिटणं हा लबाडीचा पुरावा म्हणून आपण म्हणीत घातला, आणि मांजरीच्या लेखी तो निःशस्त्र होण्याचा इशारा आहे. मी जमिनीवर, ठकीकडे अर्धी कूस करून, रोजचा पेपर मोठ्याने वाचत बसायचे. अग्रलेख, बाजारभाव, काहीही. खोक्यातून फक्त कान दिसत. पान उलटलं की एक कान वळायचा, बाहेर लिफ्टचा दरवाजा आपटला की दुसरा. अंग मात्र हलायचं नाही. जपानमध्ये आत्सुको साइतो आणि काझुताका शिनोझुका यांनी 2013 मध्ये हेच नोंदवलं होतं: मालकाचा आवाज मांजरं ओळखतात, कान आणि डोकं त्या दिशेला वळवतात, आणि तरीही बहुधा उठून येत नाहीत. न येणं म्हणजे न ऐकणं नव्हे, हे एकदा पटलं की माणूस शांत बसू शकतो.

ठकी जमीन-टेबल-खिडकी असा प्रवास करू लागली, गाल घासू लागली, त्यानंतरही पहाटे दाराशी बसून तिने हाका मारल्या, आणि तेव्हा मला वाटलं की हा आता एकटेपणा. प्रौढ मांजरी आपसांत क्वचितच म्यांव करतात. तो आवाज पिल्लांनी आईसाठी आणि मोठ्यांनी माणसासाठी राखून ठेवलेला. म्हणजे त्या हाकेत माणूस अपेक्षित होता. उजाडताना आणि मावळताना शिकारीच्या वेळा, अंगात ताकद, करायला काही नाही, आणि अंगावर घ्यायला सुलीची पोरं नाहीत. अशा वेळी उपयोग होतो तो दिनक्रमाचा. रात्री झोपण्याआधी दोरीला बांधलेलं पीस जमिनीलगत, पळणाऱ्या उंदरासारखं, तिच्यापासून दूर नेत खेळवायचं, काही वेळा तिला खरोखर पकडू द्यायचं, आणि लगेच खायला द्यायचं. दबा, झडप, घास, चाटणं, झोप हा क्रम तिच्या रक्तातला आहे. तो पुरा झाला की रात्र बरी जाते. खिडकीला जाळी हवीच, नुसत्या ग्रीलमधून कबुतरामागे मांजरी पडतात. जाळीमागे बसून तिला झाड, पक्षी, खालचा रस्ता बघता आला की दिवसाचा बराच वेळ भरतो.

आणि दुसरी मांजर? संस्थेतून भावंडं किंवा जिवलग जोडी मिळत असेल तर ती तोडू नये, दोघांना मिळून आणावं. पण प्रौढ मांजरीला सोबत म्हणून एखादी अनोळखी मांजर आणून समोर सोडणं म्हणजे तिच्या नुकत्या जमलेल्या नकाशावर परक्याला उभं करणं. आणायचीच तर आधी बंद दाराआड, फडक्यांची अदलाबदल करत, वाटल्यास महिना लावावा. मी आणली नाही. ठकीला जे हवं होतं ते तिने हिवाळ्यात स्वतःच शोधलं: माझ्या पायांशी, पांघरुणावर, अंग टेकवून झोपण्याची जागा.

मांजर दत्तक घेणाऱ्यांत एकटी राहणारी माणसं पुष्कळ असतात. मुलं परदेशी गेलेले आई-वडील, जोडीदार गमावलेल्या बायका, नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेली तरुण मुलं. त्यांच्या घरातल्या शांततेत मांजरीचा प्रत्येक आवाज विव्हळ वाटणं साहजिक आहे, आणि तिने लवकर जवळ यावं ही आस तर मला अगदी पटते. म्हणूनच अशा माणसांनी कासवीसारखं दूर बसणं किती अवघड असेल याची कल्पना येते. पण तेच लोक हे अधिक चांगलं करतात असंही मी पाहिलंय, कारण एकाच खोलीत गप्प बसून सोबत करण्याची सवय त्यांना असते.

संस्थेत मांजर बघायला येणारे बहुतेक लोक गजांना लोंबकळणारं, बोट चाटणारं पिल्लू उचलतात. मागच्या भिंतीकडे तोंड करून बसलेली प्रौढ मांजर ‘माणसाळलेली नाही’ म्हणून मागे राहते, महिनोन्‌महिने. कुत्र्यांच्या भुंकण्यात, परक्या वासांत, पिंजऱ्यात बसलेल्या जिवाचा स्वभाव तिथे कळू शकत नाही. तिची माहिती हवी असेल तर तिथल्या, रात्री थांबणाऱ्या माणसाला विचारावं: दिवे मालवल्यावर ही काय करते? कुणाजवळ झोपते? जेवायला पहिली येते की शेवटची? आणि आधी ती जिथे राहायची तिथे तिला घास घालणारं कुणी होतं का, त्यांचा फोन नंबर कुणाकडे आहे का?